फोर्ट कोची : एका दिवसात दोघांनी काय पाहावे
फोर्ट कोचीला पती-पत्नी दोघांनाच जायचे आहे आणि हाताशी एकच दिवस आहे, तर काय पाहावे, असे आपण विचारले आहे. शक्यतो शुक्रवार-शनिवार टाळावा, कारण मट्टनचेरीचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, त्या दिवशी बंद असते. एर्नाकुलमहून टॅक्सीऐवजी जलमार्गानेच जावे. प्रवासही दिवसाचा भाग होतो.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी चिनी जाळ्यांपाशी निवांत उभे राहावे. दोरांना टांगलेल्या दगडांच्या वजनाने तोललेले ते अवाढव्य जाळे पाण्यात उतरते आणि चार-पाच कोळी एका तालात दोर ओढून ते वर घेतात, हे पाहताना माझ्या पत्नीला आणि मला वेळेचे भान राहिले नव्हते. जवळच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये १५२४ साली वास्को द गामाला पुरले होते. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, येथे थडग्याची जागा तेवढी दाखवतात.

उरलेला दिवस मात्र जवळच्या मट्टनचेरी भागाला द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. १५६८ च्या परदेसी सिनेगॉगमधील निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा हाताने रंगवलेल्या आहेत. खाली वाकून, सावकाश पाहाव्यात. मस्जिद बंदरचे १७९६ चे शार हारहमीम सिनेगॉग आणि मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू ठाऊक असलेल्या मुंबईकराला ही वास्तू परकी वाटत नाही. शेजारच्या राजवाड्यातील रामायणाच्या भित्तिचित्रांसाठी निदान तासभर राखून ठेवावा. खरेदीला वेळ उरला नाही, तरी चालेल.