मिरवणुकीत ढोल थांबवायचा हक्क कुणाचा?

नौपाडा_ताशा
ठेका चालू असताना ढोल-ताशा पथकात हुकूम एकाचाच चालावा आणि तो ताशाप्रमुखाचा, असं माझं ठाम मत आहे. पथकप्रमुखानेही रांगेत शिरून वादकांना परस्पर सूचना देऊ नयेत. जे सांगायचं ते ताशाप्रमुखाच्या कानात. ठाण्यात राम मारुती रोडला दुतर्फा गर्दी असली की पथक लांबतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागे असलेल्या रांगेला ताशा ०.१ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत हा ठोक्याचा पाचवा हिस्सा झाला. त्यात दोघांनी दोन खुणा केल्या की अर्धे ढोल दुसऱ्या हातावर, म्हणजे वेगळ्या तालावर, जातात आणि ठेका फुटतो.

दोरीवाली_कळवा
ठेक्यापुरतं मान्य. थांबवण्याचं मात्र अजिबात नाही. ढोल कमरेला बांधलेला असतो, वादकाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. गटाराचं उघडं झाकण, लोंबणारी वायर, आत घुसलेलं लहान मूल हे आधी दिसतं ते गर्दी अडवायला पथकाभोवती दोरी धरणाऱ्याला. त्याने दोरीप्रमुखाला, दोरीप्रमुखाने पथकप्रमुखाला आणि त्याने ताशाप्रमुखाला सांगायचं, तोवर रांग आठ-दहा पावलं पुढे गेलेली असते!

नौपाडा_ताशा
मग दर चौकात थांबायचं का? नवखा मुलगा कॅमेरेवाला आडवा आला तरी हात वर करेल.

वाशीचा_टोल
दोन्ही हुकूम वेगळे करा. ताल ताशाप्रमुखाचा. थांब्याची खूण, म्हणजे डोक्यावर दोन्ही हातांची फुली, कुणीही करू शकेल. जो पाहील त्याने टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, थांबवून तीच खूण पुढे द्यायची. थांबा चुकीचा होता का, हे मिरवणूक संपल्यावर विचारायचं, रस्त्यात नाही. प्रत्येक सरावात दोनदा न सांगता थांबा द्या आणि शेवटचा ढोल किती ठोक्यांनी गप्प झाला ते मोजा. आठच्या वर गेलं तर त्या रांगेचा प्रमुख मान वर करून बघत नाही, हे पक्कं. आणि टोल, म्हणजे लय धरणारी धातूची थाळी, पुढे कशाला ठेवता? मधोमध ठेवलात तर मागच्या रांगेचा उशीर निम्मा होईल.

घणसोली_ढोल
खरा घोळ पदांचा नाही, ज्येष्ठतेचा आहे. पाच वर्षं वाजवणारा प्रत्येक जण नव्या मुलीला सूचना देतो, मग तिने कुणाचं ऐकायचं? फक्त तिच्या रांगप्रमुखाचं. ढोल ताणायचं कामही नवख्यांवर ढकलू नका. पावसात चामड्याचं पान सैल पडतं, घाईत एकाच बाजूने दोरी ओढली की ताण असमान होतो, आवाज बसतो आणि पान कडेला फाटतं. ज्याचा ढोल त्यानेच ताणावा, समोरासमोरच्या दोऱ्या आळीपाळीने ओढून.

दोरीवाली_कळवा
हे पटलं. एक भर घालते. शांतता क्षेत्र आलं किंवा सवलत नसताना रात्रीचे १० वाजले, की शब्द पथकप्रमुखाचा. पोलिसांशी तोच बोलतो. तिथे ताशाप्रमुखाने ‘एवढा उठाव (वादनाचा चढता भाग) होऊ दे’ म्हणायचं नाही.

नौपाडा_ताशा
थांब्याचं मान्य करतो. पुन्हा सुरुवात मात्र ताशाप्रमुखाच्याच खुणेने: आधी टोलाचे ४ ठोके, मग ताशा, त्याच्या ८ ठोक्यांनंतर ढोल. मागच्या रांगेने ताशा ऐकून नाही, टोलावर पडणारा हात बघून टिपरू उचलायचं.