मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचाय: दिवसा टॅली, संध्याकाळी बाबांचं मराठी टायपिंग, रात्री व्हॅलोरंट (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

घरचा कीबोर्ड बदलायचा आहे आणि पहिल्यांदाच मेकॅनिकल (प्रत्येक कीखाली स्वतंत्र स्विच असलेला) घेणार आहे. बजेट साडेचार हजार, अगदीच योग्य काही असेल तर पाच. व्हिडिओ भरपूर बघून झाले. त्यांत एकतर निव्वळ गेमिंगवाले असतात, नाहीतर कीबोर्डचा आवाज ऐकवणारे. आमच्या घरातल्या कामांना धरून कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिवसा मी उद्यमनगरातल्या काही वर्कशॉपची टॅली आणि जीएसटीची कामं घरून करतो. ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, २० पर्यंत ३बी ही रिटर्न भरायची असतात, त्यामुळे तेवढे दिवस उजवा हात नंबरपॅडवरून हलत नाही. रकमेत एक शून्य जास्त पडलं की पुढचा अर्धा दिवस ताळा जुळवण्यात जातो. त्यामुळे की दाबली गेली की नाही, हे बोटाला नक्की कळणं माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे.

संध्याकाळी बाबा बसतात. पेठेतल्या तालमीचा पत्रव्यवहार त्यांच्याकडे असतो: परवानगीचे अर्ज, महापालिकेला पत्रं, वर्गणीच्या नोटिसा, फुटबॉलचा हंगाम आला की खेळाडूंच्या याद्या. सगळं मराठीत, इनस्क्रिप्टमध्ये (म्हणजे देवनागरी अक्षरांची ठरलेली कीबोर्ड मांडणी). मी इनस्क्रिप्ट न बघता मारतो, बाबांना मात्र अक्षर दिसावं लागतं. आत्ताच्या कीबोर्डवर देवनागरी स्टिकर लावलेत, त्यावर त्यांचं छान चालतं.

रात्री जेवणं झाली की मी आणि मित्र व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळतो, आणि त्याच खोलीत आजी झोपते. मंगळवार पेठेतलं जुनं घर आहे, कॉम्प्युटर दुसरीकडे हलवायला जागा नाही. आजीची झोप सावध. तिची झोपमोड होणार असेल तर कितीही नावाजलेला कीबोर्ड मला नको.

आत्ताचा साधा मेम्ब्रेन आहे, सगळ्या कींखाली एकच पडदा असलेला. शिफ्ट आणि डब्ल्यू धरून तिसरी की दाबली की कधी कधी ती लागतच नाही. नंबरपॅडचा ५ आणि एन्टर आता मऊ पडलेत, पार तळापर्यंत दाबले तरच घेतात.

आता जिथे अडलोय ते सांगतो.

सगळ्यात मोठा घोळ आकाराचा. गेमिंगसाठी जो तो ६० टक्के किंवा टीकेएल घ्या म्हणतो, माउसला जागा मिळते म्हणून. ते पटतं, आमचं टेबल लहान आहे आणि मी माउसची सेन्सिटिव्हिटी कमी ठेवतो, हात लांब फिरतो. पण टीकेएल म्हणजे ८७ की, नंबरपॅड गेला. ६० टक्क्यांत वरची एफवाली रांगही जाते, आणि टॅलीत एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस हे बोटांत बसलेलं आहे. शिवाय तालमीच्या जुन्या फायली कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्यात काही अक्षरं आल्ट धरून नंबरपॅडवर आकडे मारले तरच येतात, वरच्या रांगेतल्या आकड्यांनी येत नाहीत. म्हणून ९६ टक्केवाला प्रकार डोक्यात आहे: नंबरपॅड असतो, पण मधल्या फटी काढून सगळं जवळजवळ बसवलेलं. त्यात उजवा बाण नंबरपॅडच्या शून्याला अगदी खेटून येतो आणि शून्यही आखूड असतो. रोज आकडे मारणाऱ्या कोणी वापरलाय का? गफलत होते का?

स्विचचे प्रकार रंगावरून ओळखतात. त्यात खटखट वाजणारा निळा बाद, आजीमुळे. शिवाय निळ्यात की जिथे लागते त्याच्या बरंच वर आल्यावर ती सुटते, त्यामुळे पटापट दोनदा दाबायला तो अडतो असं वाचलं. उरले लाल आणि ब्राउन. चेरी या स्विच बनवणाऱ्या कंपनीच्या आकड्यांप्रमाणे लालला ४५ सेंटिन्यूटन जोर लागतो, ब्राउनला ५५ (ढोबळमानाने तेवढेच ग्रॅम धरा). दोन्हींत एकूण ४ मिलिमीटर खाली जाता येतं आणि निम्म्यावर, २ मिलिमीटरला की लागते. लाल सरळ खाली जातो, ब्राउनमध्ये वाटेत बारीक उंचवटा लागतो. मला ब्राउन पटतोय, मित्र एकमुखाने लाल म्हणताहेत. इतका हलका लाल घेऊन आकडे मारताना बोट नुसतं टेकलं तरी की लागेल, अशी मला भीती वाटते.

हॉल इफेक्ट स्विचचंही खूप चाललंय. चुंबकावर चालतो, धातूचा स्पर्शच नाही, आणि बोट जरा उचललं की की सुटते. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, म्हणून धातूचा स्पर्श नसणं मला गेमपेक्षा त्यासाठी जास्त आकर्षक वाटलं. पण नंबरपॅडसकट या बजेटात काही दिसत नाही.

आणि शेवटचं म्हणजे मेकॅनिकलच्या कीकॅपवर (कीच्या वरच्या टोपीवर) देवनागरी स्टिकर टिकतात का? हे कुणीच सांगत नाही, आणि बाबांसाठी सगळं यावरच अडलंय.

प्रतिसाद:

भावा, मीही शिरोलीला अकाउंट्सलाच आहे आणि ९६ टक्केच वापरतो. शून्य आणि बाणाची गफलत सुरुवातीला होतेच, मग हात वळतो. ज्यात उजवा बाण अर्धी की खाली सरकवलेला असतो तो बघून घे, बोटाला फरक लगेच कळतो.

लाल की ब्राउन यावर मित्रांचं ऐकू नकोस. व्हॅलोरंटमध्ये त्या उंचवट्याने तुझा नेम बिघडणार नाही. माउस आणि मॉनिटर यांचा फरक त्याहून कितीतरी मोठा. पण आवाजाबद्दल नीट ऐक. ब्राउन आणि लाल शांत असतात हे अर्धंच खरं. खटका नसतो एवढंच. की तळाला आपटते तो आवाज दोन्हींत येतो, आणि सगळ्यात जास्त खडखडतात ते स्पेसबार, एन्टर आणि नंबरपॅडचा लांब प्लस. उद्या आजी उठल्या तर त्या खडखडाटाने उठतील. आत रबर बसवलेले सायलेंट स्विच मिळतात, लालमध्ये आणि उंचवटेवालेही. ते घे, लांब कीजच्या खालच्या तारांना थोडं ग्रीस लाव आणि कीबोर्डखाली जाड मॅट टाक.

हॉट-स्वॅपच घ्यायचा, म्हणजे स्विच चिमट्याने उपटून बदलता येतो. ओलीने किंवा धुळीने एखादी की दोनदा अक्षर टाकायला लागली की तेवढा एक स्विच बदलायचा, सोल्डरिंग नाही. मात्र स्वस्तातल्या काही कीबोर्डांची सॉकेट फक्त आउटेमू कंपनीच्या स्विचच्या बारीक पिनांसाठी असतात, त्यात गेटेरॉन किंवा केल या कंपन्यांचे बसत नाहीत. तीन पिनांचे स्विच लागतात की पाच, हेही विचारून घे.

आल्यावर एक परीक्षा कर: नोटपॅड उघडून दोन्ही शिफ्ट दाबून धर आणि एखादं लांब इंग्रजी वाक्य मार. अक्षरं गळली तर परत पाठव. आत्ताच्या कीबोर्डवरही करून बघ, किती गळतात ते दिसेल.

प्रतिसाद:

दादा, मी मराठी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवते, त्यामुळे फक्त स्टिकरबद्दल सांगते. टिकतात, पण कीकॅप कोणत्या आकाराची आहे त्यावर सगळं आहे. वरचा भाग वाटीसारखा खोलगट असेल तर कडा उचलल्या जातात. नेहमीच्या घडणीच्या, फक्त आडव्या दिशेने वळलेल्या कॅपवर नीट बसतात. मेकॅनिकलची कॅप वरती निमुळती असते, म्हणून आधी तिच्या माथ्याची रुंदी मोजा आणि मग स्टिकर मागवा. कडेबाहेर आला की दोन दिवसांत सोलतो. पीबीटी प्लास्टिकच्या कॅप खरखरीत असतात, त्यावर गुळगुळीत एबीएस प्लास्टिकपेक्षा पकड कमी. लावण्याआधी स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या.

अपारदर्शक स्टिकरने खालचा दिवा झाकला जातो. पारदर्शक पट्टीवर पांढरी अक्षरं असलेले घेतले तर उजेडही राहतो. आणि एक संच जादा ठेवा. इनस्क्रिप्टमध्ये डी वर हलन्त आणि ई वर काना, जोडाक्षरं आणि काने मारून तेच दोन आधी पुसले जातात, आमच्या क्लासमध्ये नेहमीच.

प्रतिसाद:

हॉल इफेक्ट सध्या सोडून द्या. नंबरपॅडवाले फार थोडे आहेत आणि साधे स्विच त्यात बसत नाहीत. त्याच्याबरोबर येणारी दोन विरुद्ध दिशांच्या की एकदम दाबल्या तर आपोआप शेवटची धरण्याची सोयही सगळीकडे चालत नाही. काउंटर-स्ट्राइक २ या गेममध्ये तो बनवणाऱ्या वाल्व्हने ऑगस्ट २०२४ मध्ये तिला बंदी केली.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. नोटपॅडची परीक्षा लगेच केली. आमच्या कीबोर्डवर निम्मी अक्षरं उमटलीच नाहीत. शिफ्ट धरून तिसरी की का लागत नव्हती ते कळलं.

ताई, वाटीसारख्या कॅपचं मला माहीतच नव्हतं. जो मॉडेल जवळजवळ ठरवला होता त्याच्या कॅप तशाच आहेत, तो यादीतून काढला.

आता ठरतंय ते असं: ९६ टक्के, वायरचा, हॉट-स्वॅप, सगळ्या ब्रँडचे स्विच घेणारा, आणि उंचवटेवाले सायलेंट स्विच. वायरलेसचे पैसे वाचले तर ते स्विचमध्ये घालीन, कीबोर्ड टेबलावरून हलणारच नाहीये.

एक विनंती राहिली. सायलेंट स्विचचा आवाज व्हिडिओत कळत नाही, माइक जवळ धरलेला असतो. कोल्हापुरात कोणाकडे असा कीबोर्ड असेल तर कृपया कळवा. राजारामपुरी, शाहूपुरी, अगदी गांधीनगरलाही येईन, रविवारी बाबांना घेऊन. त्यांनी त्यावर तालमीचा एक अर्ज टाइप करून बघितला की लगेच ऑर्डर टाकतो.