“आधी पुढं पाठवा, मग तपासा” म्हणणाऱ्यांसाठी

भोगावतीकाठचा
काल इथं एकानं लिहिलं: “पावसाळा आहे. धरणाचा, पाण्याचा कसलाही मेसेज आला की आधी पुढं पाठवा, तपासत बसू नका. खोटा निघाला तर कुणाचं काय बिघडतंय? खरा निघाला तर एखाद्याचा जीव वाचेल.” खाली अंगठ्यांची रांग लागली आहे. मला ते वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काय बिघडतं ते सांगतो. जुलै २०२१, आमचा कोल्हापूर जिल्हा. “राधानगरी धरणाचे सातही दरवाजे उघडले, ताबडतोब गाव खाली करा” हा मेसेज त्या आठवड्यात आमच्या गल्लीत तीनदा आला. पहिल्यांदा आईला पाठीवर घेऊन, दोन म्हशी सोडून, रात्री दीडला भर पावसात शाळा गाठली. काही झालं नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी मेसेज शेवटपर्यंत वाचला. त्यात “आज सोमवार, सायंकाळी” असं लिहिलं होतं आणि त्या दिवशी होता गुरुवार. कुठल्या वर्षीचा सोमवार, देव जाणे.

शुक्रवारी खरंच पाणी चढलं. आम्ही निघताना शेजारच्या आबांना हाका मारल्या. आतूनच म्हणाले, “जावा तुम्ही, हे रोजचंच हाय.” सकाळी बोटीनं आबांना काढलं. खुट्याला बांधलेली गाय तिथंच गेली. आबा आजही त्या गोठ्याकडं बघत नाहीत.

तीन खोट्या मेसेजांनी चौथा खरा मेसेज मारला. कुणाचं काय बिघडतंय, याचं माझं उत्तर एवढंच आहे.

ऊसवाला
दादा, आबांचं ऐकून वाईट वाटलं. पण तुमचं म्हणणं मला पटत नाही.

मी शिरोळ तालुक्यातला. २०१९ च्या महापुरात आमच्याकडं लाईट गेलेली, मोबाईलला आठ टक्के चार्जिंग, नेट आलं तर आलं. त्या वेळी मामाच्या पोरानं पाठवलेला एक मेसेज बघून आम्ही ट्रॅक्टर काढला. त्यावर ना तारीख होती, ना वेळ, ना सही. चार तासांत घरात कमरेएवढं पाणी. तो मेसेज मी तपासत बसलो असतो तर आज हे लिहायला नसतो. घरात बसून वाचणाऱ्याला तपासणं सोपं वाटतं. पाणी उंबऱ्याला लागलेल्या माणसाला विचारा.

मास्तर
ऊसवाले, तुम्ही मेसेज बघून स्वतः निघालात, ते योग्यच केलंत. जीव वाचवायला पुरावा लागत नाही. वाद पुढं पाठवण्याचा आहे. निघायला अंगठा लागत नाही, पाय लागतात.

आता राधानगरीचं जरा समजून घ्या, कारण निम्मा घोळ तिथंच होतो. ते दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला १४२८ घनफूट पाणी जातं. सकाळी चार उघडे असतील तर संध्याकाळी दोनच असू शकतात, किंवा सातही. म्हणजे “दरवाजे उघडले” या वाक्याला वेळ नसेल तर त्यातून काहीच कळत नाही. मेसेज लिहिणारा खोटारडा असेलच असं नाही. सकाळी खरं लिहिलेलं रात्री खोटं झालेलं असतं.

पुण्यातली लेक
आणि नावांचा गोंधळ! मागच्या वर्षी आमच्या भावकीच्या ग्रुपवर “राजापूर बंधाऱ्याची पातळी” म्हणून आकडा फिरला आणि सगळ्यांनी तो राजाराम बंधाऱ्याचा समजला. राजाराम पंचगंगेवर, कसबा बावड्याजवळ. राजापूर कृष्णेवर, पार शिरोळच्या टोकाला. कोल्हापूरच्या पुराची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी राजारामची. माझी आत्या रडायला लागली होती.

“कोयनेचं पाणी सोडलं, आता पंचगंगेला महापूर” हाही दरवर्षीचाच. कोयनेचं पाणी कृष्णेतून सांगलीकडं जातं. पंचगंगा कृष्णेला मिळते ती नृसिंहवाडीला. कोल्हापुरात शाळा शिकलेल्या माणसाला हे कळायला कुठलं संकेतस्थळ लागतं?

पंचगंगेचा
तुम्ही सगळे फांद्या हलवताय, मुळाला कुणीच हात लावत नाही. पूर येतो कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणामुळं. त्याचा फुगवटा, म्हणजे मागं तुंबलेलं पाणी, पार आपल्यापर्यंत येतं. कर्नाटक पाणी अडवून ठेवतं आणि आपण मेसेजवर तारीख आहे का बघायचं? उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायला निघालेत. यावर बोला.

मास्तर
हा विषय वेगळा आहे, पण काढलात म्हणून विचारतो. २०१९ च्या पुरानंतर सरकारनं पुराची कारणं शोधायला वडनेरे समिती नेमली, तिनं २०२० मध्ये अहवाल दिला. त्यात पुराचं खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही. अतिवृष्टी आणि पूररेषेतली बांधकामं यांवर बोट ठेवलं आहे. तुम्ही तो अहवाल उघडून बघितलात का?

पंचगंगेचा
सरकारी समिती सरकारला सोयीचं तेच लिहिणार! आमचं ऊस-सोयाबीन दोनदा पाण्यात गेलं. मला अहवाल शिकवू नका. मी पाण्यात उभा होतो, समिती नव्हती.

मास्तर
पाण्यात उभं राहिल्यावर पाणी किती आलं ते कळतं, कुठून आलं ते कळत नाही.

पंचगंगेचा
मास्तर, तोंड सांभाळून. तुमच्या पगाराला पूर येत नाही.

भोगावतीकाठचा
दोघंही थांबा जरा. पंचगंगेचे दादा, समितीवर तुमचा विश्वास नाही, ठीक आहे. तो तुमचा हक्क आहे. अहवाल न पटायला हरकत नाही, पण तो आधी वाचायला हवा. मीही पहिल्यांदा “अलमट्टी निर्दोष” एवढा मथळाच वाचला होता आणि चार दिवस भडकून फिरत होतो. मग मुलीनं अहवाल मिळवून दिला. बरंच डोक्यावरून गेलं, पण पूररेषेचा भाग नीट वाचला. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, ते पन्नाशीत कळलं. आमच्या गावात निळ्या रेषेच्या आत किती घरं उभी राहिली, ते मला कुणी सांगायला नको. त्यातलं एक माझ्या चुलत्याचं आहे.

पंचगंगेचा
पूररेषेचं मान्य. आमच्या इथंही बिल्डरनं नाल्यात भराव टाकलाय, चार अर्ज केले, दाद नाही. पण उंची वाढवायला माझा विरोध राहणार, आणि अलमट्टीचं पत्रक मी पाठवत राहणार.

पुण्यातली लेक
पाठवा की. पण त्यात मागच्या आठवड्यात तुम्ही जो वाहून जाणाऱ्या पुलाचा व्हिडिओ टाकलात, “बघा अलमट्टीचा प्रताप” म्हणून, तो काढा आधी. मी थांबवून थांबवून बघितला. पुलाच्या डाव्या बाजूला दुकान आहे, त्याची पाटी मल्याळममध्ये आहे. तो आपल्याकडचा नाहीच. मुद्दा खरा असेल तर त्याला खोटा व्हिडिओ कशाला लागतो? उद्या कर्नाटकवाल्यानं ती पाटी दाखवली की तुमचं खरं म्हणणंही कचऱ्यात जाईल.

पंचगंगेचा
पाटी मी बघितली नव्हती. काढतो.

ऊसवाला
पुण्यात बसून पाट्या वाचायला सोपं आहे ताई. इथं चिखलात उभं राहून फोन पुसत वाचावं लागतं.

पुण्यातली लेक
दादा, हे मला दर पावसाळ्यात ऐकावं लागतं. पुण्यात नेट असतं, लाईट असते, म्हणून तर तपासायचं काम माझं. आई-बाबा कागलजवळ आहेत, त्यांना नाही जमत. २०२१ ला मी रात्रभर जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाचं पत्रक उघडून बसले होते. पातळी, विसर्ग, पाण्याखाली गेलेले बंधारे, आणि वर तारीख-वेळ. तेच वाचून बाबांना फोन करायचे. १०७७ ला, म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती मदत क्रमांकाला, तीन वेळा फोन लावला, तिसऱ्यांदा लागला. पलीकडचा माणूस थकलेला होता, पण आकडा अचूक सांगितला. बाहेर गेलेल्या पोरांनी आंधळेपणानं फॉरवर्ड करायचं थांबवून हे केलं, तर गावातल्या माणसाला चिखलात वाचत बसावं लागणार नाही.

ऊसवाला
हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझा भाऊ पिंपरीला आहे. तो दिवसाला पन्नास मेसेज ढकलतो, स्वतः एकही वाचत नाही. त्याला हे काम लावतो.

पण माझी एक अट आहे. पत्रक उशिरा निघतं. मधल्या वेळात पाणी वाढलं तर? तेव्हा मी पाठवणारच.

भोगावतीकाठचा
पाठवा. पण आपण डोळ्यांनी बघितलेलं पाठवा. “मी, अमुक गल्ली, रात्री साडेदहा, पाणी मारुतीच्या पायरीला लागलं” असं. असा मेसेज मी कधीच अडवणार नाही, उलट जागून वाट बघेन. कुठूनतरी आलेला, कुणी लिहिला ते माहीत नसलेला, “ताबडतोब” शब्दानं सुरू होणारा मेसेज मात्र थांबवा. आणि जुना निघाला तर ज्यांना पाठवला त्या सगळ्यांना परत कळवा. आमच्या गल्लीत हे कुणीच केलं नाही. गुरुवारी मीसुद्धा नाही. मला कळलं होतं की तो सोमवारचा मेसेज आहे. मी नुसता फोन बाजूला ठेवला आणि झोपलो. आबांना जाऊन “हा जुना होता, पण खरा आला तर मी स्वतः दार वाजवीन” एवढं सांगायला दहा पावलं जायचं होतं.

ऊसवाला
दादा, यात तुमचा दोष नाही.

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आत्ता टाकलं: “वेळ आणि ठिकाण नसलेला पाण्याचा मेसेज कुणी टाकू नये. आपल्या दारातलं पाणी प्रत्येकानं लिहावं.” एकानं लगेच विचारलं, मग सुप्रभातचं चालंल का?

पंचगंगेचा
व्हिडिओ काढला. उंचीच्या विरोधातला अर्ज तेवढा ठेवलाय, त्यावर माझं नाव आणि तारीख आहे.