टीबीच्या गोळ्यांबरोबर शिधा: दवाखान्याचं काम की रेशन दुकानाचं?

कोरडवाहू

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे बसतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी रोजचा आहे. टीबीच्या पेशंटला सहा महिन्यांच्या गोळ्या फुकट, थुंकी तपासणी फुकट. खाण्यासाठी २०१८ च्या एप्रिलपासून निक्षय पोषण योजनेतून महिन्याला ५०० रुपये खात्यावर जमा व्हायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. शिवाय २०२२ पासून 'निक्षय मित्र' आहेत. म्हणजे एखादी पतसंस्था, कारखाना, पुढारी पेशंटला दत्तक घेतो आणि दरमहा शिध्याचं किट देतो. दत्तक घेणारा मिळाला तर.

माझं म्हणणं एवढंच की शिधा हा औषधाचाच भाग धरा. गोळ्या जशा मागणीपत्रावर येतात, स्टॉक रजिस्टरला चढतात, संपत आल्या की मी वरच्या ऑफिसला फोनवर फोन करू शकतो, तसाच शिधा यावा. पेशंटसाठी आणि त्याच्या घरच्यांसाठीही. आज गोळ्या संपल्या तर बातमी होते. किट संपलं तर "दाता बघतोय" एवढंच उत्तर.

हे नुसतं दयाबुद्धीने म्हणत नाहीये. झारखंडच्या चार जिल्ह्यांत 'रेशन्स' नावाचा मोठा अभ्यास झाला, २०२३ च्या ऑगस्टमध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव हे त्यामागचे मुख्य लोक. २,८०० पेशंट आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. ज्या घरच्यांना सहा महिने तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या, त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. थुंकीत जंतू सापडलेला टीबी धरला तर ४८ टक्क्यांनी. लस नाही, नवं औषध नाही. डाळ-भात.

तिरकस_डॉक्टर

झारखंडचा अभ्यास चांगलाच आहे, पण त्यातलं काय घ्यायचं आणि काय नाही हे नीट बघा. पेशंटपुरतं बोलायचं तर दोन्ही गटांतल्या पेशंटना शिधा मिळत होता. म्हणजे 'शिधा न मिळालेले पेशंट' हा तुलनेचा गटच तिथे नव्हता. पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वजन वाढलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला, हे सगळीकडे सांगितलं जातं. अहो, ज्याला औषध लागू पडतं त्याची भूक परत येते आणि वजन वाढतं. ज्याचं फुप्फुसच गेलंय त्याच्यापुढे पंचपक्वान्नं ठेवलीत तरी तो दोन घास खातो. मग वजनामुळे वाचला की वाचणारा होता म्हणून वजन वाढलं? २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यातही (म्हणजे एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) हेच होतं, की फुकट आहार दिल्याने टीबीच्या उपचारांचा निकाल सुधारतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

आणि आपल्याच देशातला जुना दाखला विसरू नका. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या प्रयोगात अर्धे पेशंट सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीवाल्यांना मुक्कामी ठेवायच्या रुग्णालयात होते, उत्तम आहार आणि पूर्ण विश्रांती. उरलेले आपापल्या झोपड्यांत, खाणं बेताचं, काम चालू. औषधं दोघांना तीच. वर्षाअखेर निकाल जवळपास सारखे. तेव्हापासून जगभर सॅनेटोरियमं बंद होत गेली. गोळी वेळेवर गेली पाहिजे, बाकीचं दुय्यम.

कोरडवाहू

डॉक्टर, मद्रासच्या अभ्यासाचा प्रश्न 'खाट हवी का' हा होता. 'अन्न हवं का' हा नव्हता. खाट नको हे उत्तर आलं, ते बरोबरच होतं. पण त्या उत्तराबरोबर ताटही बाहेर फेकलं गेलं ते पुढची साठ वर्षं.

तुमच्यासारखी माणसं कागदावर बघतात, मी काट्यावर बघतो. टीबीच्या गोळ्या वजनावर ठरतात. ३५ ते ४९ किलोला रोज तीन, २५ ते ३४ किलोला दोन. आता विचार करा, मोठी बाप्या माणसं दोन गोळ्यांच्या गटात येतात. छत्तीसगडच्या गनियारीत गावाकडच्या गरिबांसाठी दवाखाना चालवणाऱ्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या पेशंटचा अभ्यास २०१३ मध्ये छापला गेला. निदानाच्या वेळी पुरुषांचं मध्यक वजन ४२.१ किलो, बायकांचं ३४.१. चौतीस किलो! पाचवी-सहावीतल्या मुलीचं वजन. त्या बाईला मी दोन गोळ्या मोजून देतो आणि खिडकी बंद करतो. यात 'दुय्यम' काय आहे?

हिशेबनीस

धान्य वाटायचं म्हणजे टेंडर, वाहतूक, गोदाम, कट्टा फुटणं, वजनात मारणं. अंगणवाडीच्या आहाराचं महाराष्ट्रात काय काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, मुद्दाम उकरत नाही. रोख पैसे द्या. वर्षाला देशात पंचवीस लाखांच्या वर पेशंट नोंदले जातात. प्रत्येकी सहा महिने हजार रुपये धरले तर १,५०० कोटी होतात. हे परवडतं आणि खात्यावर थेट जातं. मधे कुणी नाही. बीडच्या माणसाला ज्वारी घेऊ दे, रत्नागिरीच्या माणसाला तांदूळ आणि सुकट. सरकारने कुणाच्या चुलीत डोकावू नये.

गोदाकाठ

"मधे कुणी नाही" वाचून हसू आलं राव. खातं चालू पाहिजे, आधार जोडलेलं पाहिजे, नाव दोन्हीकडं सारखं पाहिजे. आमच्याकडं बाईचं खातं निघतंय पण पासबुक असतंय मालकाच्या खिशात. आता पहिला हप्ता तीन हजार निदान झाल्या झाल्या आणि दुसरा ८४ दिवसांनी असं ठरलंय, ते चांगलंय, पण तीन हजार एकदम आले की ते अंड्यांत जात नाहीत. उधारी असते. किराणावाला पहिला कापतो.

पण कोरडवाहू, तुमच्या शिध्याचं पण सांगतो. आमच्या भागातली निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला. पेशंटचं नाव इथल्या दवाखान्यात, कोयता कोल्हापूरला नाहीतर पार कर्नाटकात. गोळ्या दोन महिन्यांच्या बांधून नेता येतात. वीस किलो धान्य कोण बांधून नेणार? रोख निदान तिथं निघतंय तरी. म्हणजे दोन्ही वाईट, फक्त वेगळ्या जागी.

सरळ_सांगतो

सगळं फुकट द्यायची सवय लावून ठेवलीय. रेशनवर धान्य फुकट, गोळ्या फुकट, आता किराणा पण. आधी दारू-तंबाखू सोडा म्हणावं, मग बघू.

रानभेंडी

@सरळ_सांगतो, टीबी हवेतून पसरतो. तुमच्या शेअर रिक्षात बसलेल्याने नीट जेवावं यात तुमचाच स्वार्थ आहे, दयाळू व्हायची गरज नाही.

रेशनचं म्हणाल तर तिथे माणशी पाच किलो तांदूळ-गहू मिळतो. पोट भरतं. डाळ आणि तेल महाराष्ट्रात कधी मिळायचं? सरकारचा 'आनंदाचा शिधा' निघायचा तेव्हा, सणाला. या पेशंटची अडचण प्रथिनांची आहे. झारखंडमध्ये पेशंटला तांदळाबरोबर सातू, दूध पावडर आणि तेल दिलं होतं, रोजचे सुमारे १,२०० उष्मांक आणि ५२ ग्रॅम प्रथिनं होतील असं. आपल्याकडे शेंगदाणे, हरभरा डाळ, गूळ, अंडी. अंड्यावरून अर्थात वाद होणारच. शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्यांचा सरकारी निधी २०२५ च्या जानेवारीत बंद झाला, तेव्हा दवाखान्यातून अंडं देण्याचं धाडस कोण करेल बघू.

खडीसाखर

माझ्या धाकट्या दिरांना टीबी झाला होता, म्हणून लिहिते. किट मिळालं. कुणाकडून ते लिहीत नाही. एका सभागृहात बोलावलं, मागे बॅनर, प्रत्येकाच्या हातात पिशवी देऊन फोटो. संध्याकाळी तो फोटो आमच्याच गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्यांचं लग्न ठरवायचं चाललं होतं, ते तिथेच थांबलं. पुढच्या महिन्यात दीर किट आणायला गेलेच नाहीत. गोळ्या मात्र चुकवल्या नाहीत, कारण गोळ्या खिशातून आणता येतात.

तेव्हा तुम्ही सगळे पुरावा-पुरावा करताय त्यात ही बाजू धरा. शिधा म्हणजे दहा किलोची दवंडी. मला विचाराल तर रोख पैसे. कमी मिळाले तरी चालतील.

तिरकस_डॉक्टर

खडीसाखर यांचा मुद्दा माझ्यापेक्षा भारी आहे.

माझी खरी हरकत अजून वेगळी. दवाखान्यावर काय काय लादायचं? आमच्याकडे एक लॅब टेक्निशियन, तोही दोन केंद्रांत विभागलेला. आशाताईंच्या कामाची यादी वाचूनच धाप लागते. झारखंडला अभ्यासाचे पगारी कर्मचारी होते, आमच्याकडे कुणी नाही. उद्या एखाद्या पेशंटची गोळी चुकली आणि मी डाळीच्या पोत्यांची मोजदाद करत बसलो होतो असं निघालं तर? अन्नाचं खातं वेगळं आहे, मंत्री वेगळा आहे, दुकान गावोगाव आहे. डॉक्टरने फक्त चिठ्ठी द्यावी आणि रेशन दुकानाने डाळ-तेल द्यावं.

रानभेंडी

चिठ्ठी घेऊन रेशन दुकानात? मग तर अख्ख्या गावाला कळलं.

कोरडवाहू

दवंडीचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. पण बघा, ती दवंडी कशामुळे झाली? दात्याला फोटो हवा होता म्हणून. दवाखान्याच्या खिडकीतून गोळ्या घेताना कुणी कुणाचा फोटो काढतं का? शिधा देणगी असतो तोवर देणाऱ्याला बॅनर लागणारच. तो बजेटमधून आला की माझी सही, पेशंटची सही, संपलं. साध्या पांढऱ्या पिशवीत. गरोदर बाया, कुपोषित पोरं, डायलिसिसवाले, सगळ्यांना त्याच खिडकीतून काही ना काही मिळत असेल तर पिशवीवरून रोग ओळखता येणार नाही.

वजनाचं मात्र खरं आहे. गेल्या पावसाळ्यात एकजण किट घेऊन एसटी स्टँडकडे निघाला, गेटपर्यंत जाईतो तीनदा खाली बसला. ३८ किलोचा माणूस आणि दहा किलोचं ओझं. शेवटी आमच्या शिपायाने सायकलवर नेऊन दिलं. म्हणून म्हणतो, एकदम महिन्याचं नको, गोळ्यांबरोबर पंधरवड्याचं द्या. उष्मांक जास्त आणि वजन कमी असं द्या. शेंगदाणे, तेल, डाळ. तांदूळ-गहू रेशनवरचा आहेच.

आणि डॉक्टर, कुणाला आधी द्यायचं याचं उदाहरण तमिळनाडूने घालून दिलंय. २०२२ पासून तिथे निदानाच्या वेळीच वजन-उंची, पायावरची सूज, धाप, रक्तातला ऑक्सिजन, आधाराशिवाय उभं राहता येतं का, एवढं बघतात आणि जे फार खालावलेत त्यांना लगेच दाखल करतात. मोजपट्टी, काटा आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर लागतो, बस. तुमच्या लॅब टेक्निशियनला हात लावायची गरज नाही.

हिशेबनीस

आमच्या वाण्याच्या आजच्या भावाने हजार रुपयांत साधारण दोन किलो शेंगदाणे, दोन किलो डाळ, लिटरभर तेल आणि तीस-पस्तीस अंडी येतात. म्हणजे रोख रक्कम पेशंटपुरती बरी आहे. ती अख्ख्या घरात वाटली जाते ही खरी गोम. एका पातेल्यात शिजतं, पेशंटचं वेगळं कोण शिजवणार? तेव्हा घरच्यांचा शिधा दिला नाही तर पेशंटचाही पोचत नाही, हे कोरडवाहूंनी स्पष्ट लिहायला हवं होतं. त्यांच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा मीच देतोय, विरोधात असून.

पैसा मात्र दुप्पट लागेल. घरटी तीन-चार माणसं, माणशी महिन्याला साडेतीनशे धरा. आणखी दीड-दोन हजार कोटी.

तिरकस_डॉक्टर

पेशंटच्या शिध्याला, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, माझा विरोध उरलेला नाही. अशक्त माणसाला रिकाम्या पोटी रिफॅम्पिसिन (टीबीचं एक मुख्य औषध) दिलं की मळमळ होते आणि तो गोळ्याच टाकतो, हे मीही रोज बघतो. "गोळ्या गरम पडतात" ही तक्रार नव्वद टक्के वेळा भुकेची असते. पण निरोगी घरच्यांना सहा महिने सरकारी डाळ? झारखंडमध्येच दहा हजारांत नवे पेशंट दोनशे अठरा, दोन्ही गट मिळून.

कोरडवाहू

त्याच अभ्यासाचा हिशेब आहे, साधारण ३० घरांना शिधा दिला की एक टीबी टळतो. तो एक टळलेला पेशंट सहा महिन्यांच्या गोळ्या, बुडालेली मजुरी आणि पुढे त्याच्यापासून लागण होणारी माणसं, हे सगळं वाचवतो. औषधाला न दाद देणारा टीबी निघाला तर खर्च विचारूच नका.

गोदाकाठ

माझा प्रश्न राहिलाच की. तोडीला गेलेल्याचं काय? कारखान्याच्या जवळच्या दवाखान्यानं शिधा द्यायचा असं होऊ शकतंय का? गोळ्यांची बदली ऑनलाइन होते, मग डाळीची का नको?

खडीसाखर

आणि ज्यांना टीबीबरोबर मधुमेह आहे त्यांचं किट वेगळं लागेल. आमच्या दिरांच्या किटमध्ये दोन किलो साखर आणि गूळ होता.

तिरकस_डॉक्टर

@कोरडवाहू, शेवटचं विचारतो, तुमच्या खोलीत पावसाळ्यात ओल येते असं तुम्हीच मागे कुठेतरी लिहिलं होतंत. शेंगदाण्याला बुरशी आली तर रजिस्टरला कुठल्या रकान्यात दाखवणार?

कोरडवाहू

मुदतबाह्य. गोळ्यांना जो रकाना आहे तोच. म्हणजे ऑडिटवाला मला विचारेल, आणि मी वरच्यांना विचारीन की पोतं ठेवायला कोरडी खोली का दिली नाही. किट देणगीचं असतं तेव्हा हे कुणीच कुणाला विचारत नाही.