इंटेलिजन्स रिपोर्ट लिहिताना भाषेला एवढं महत्त्व असतं का? वक्तृत्वाचा अन् लष्कराचा संबंध काय?

सीडीएसवाला_जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. सीडीएसची (सैन्यात अधिकारी व्हायच्या परीक्षेची) तयारी करायलोय. अभ्यासिकेत परवापासून एक वाद पेटलाय तो इथं टाकतो, कारण आमच्यात कुणी मागं हटायला तयार नाही. मित्र म्हणतो, मिलिटरी इंटेलिजन्स म्हणजे माहिती. सॅटेलाइटचे फोटो, पकडलेले वायरलेस मेसेज, खबऱ्यांनी सांगितलेलं. जे आहे ते लिहायचं अन् वर पाठवायचं, वक्तृत्व बिक्तृत्व निवडणुकीच्या सभेत, हिथं त्याचं काय काम? मला वाटतंय काम आहे, पण नीट सांगता येईना. कारण शेवटी कुणीतरी जनरल नाहीतर मंत्री ते वाचून निर्णय घेणार ना, त्याला पटलं तर घेणार, नाही पटलं तर कागद बाजूला.

प्रॅक्टिस म्हणून एक काल्पनिक रिपोर्ट लिहिला होता, त्याचं शेवटचं वाक्य असं: "सीमेपलीकडे शत्रूच्या हालचालींत लक्षणीय वाढ झाली असून नजीकच्या काळात मर्यादित स्वरूपाच्या आगळिकीची शक्यता नाकारता येत नाही, तरी सर्व संबंधितांनी सतर्क राहावे." क्लासमधे सगळे म्हणाले भारी झालंय. मित्र म्हणतो ह्यात काहीच सांगितलेलं नाही. कोण बरोबर?

पेठेतली_मेघा

मित्र बरोबर 😄 मी पेपरच्या डेस्कवर काम करते, "शक्यता नाकारता येत नाही" हे आमचं रोजचं जेवण आहे. पाऊस, युती, दरवाढ, कशालाही लावा. नाकारता न येणारी शक्यता जगात कशाची नाही सांग बरं? उद्या हल्ला झाला तर तू म्हणणार मी लिहिलं होतं की, अन् नाही झाला तरी म्हणणार मी कुठं होणारच म्हणलं होतं. म्हणजे ते वाक्य वाचणाऱ्याच्या कामाचं नाही, लिहिणाऱ्याची नोकरी वाचवायच्या कामाचं आहे. पण गंमत अशी की हेसुद्धा वक्तृत्वच झालं, फक्त ते शत्रूबद्दल बोलत नाही, पुढं कधी चौकशी बसलीच तर तिच्यासमोर बोलतंय.

"सतर्क राहावे" तर त्याहून वाईट. उजनीतून विसर्ग वाढवला की नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे अशी बातमी आम्ही लावतो, सोबत क्युसेकचा आकडा. काठावरच्या माणसाला क्युसेक कळत नाही, त्याला कळायला पाहिजे की पाणी कुठल्या पायरीपर्यंत अन् किती वाजेपर्यंत येणार, जनावरं हलवायची की फक्त मोटर वर काढायची.

लष्करातलं ह्याचं उदाहरण पर्ल हार्बरचं, म्हणजे हवाईतल्या अमेरिकन तळाचं. २७ नोव्हेंबर १९४१ ला वॉशिंग्टनहून हवाईच्या आर्मी कमांडरला, जनरल शॉर्टला, मेसेज गेला. त्यात शत्रूची कारवाई कुठल्याही क्षणी शक्य आहे असं होतं, पण त्याच मेसेजमधे पहिला वार जपानने करावा अशी इच्छा, सामान्य लोकांना घाबरवू नका, अशा चार गोष्टी कोंबलेल्या. शॉर्टने अर्थ काय काढला तर घातपाताचा धोका आहे. म्हणून त्याने विमानं एकमेकांना चिकटून उघड्यावर उभी करायला लावली, राखण सोपी जावी म्हणून. ७ डिसेंबरला जपानी वैमानिकांना तीच रांग आयती मिळाली. इशारा दिला होता हो, पण कशाबद्दल सतर्क राहायचं ते नीट पोचलंच नाही.

टक्केवारी

मेघाताईंनी दुखरी नस पकडलीय. ह्या विषयातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण शर्मन केंटचं आहे. हा सीआयएमधला (अमेरिकन गुप्तहेर खात्यातला) माणूस, आधी इतिहासाचा प्राध्यापक. १९५१ च्या मार्चमधे त्यांच्या ऑफिसनं अंदाज लिहिला की त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होणं ही एक "गंभीर शक्यता" मानावी. नंतर परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने सहज विचारलं, गंभीर म्हणजे किती? केंट म्हणाला ६५-३५, हल्ल्याच्या बाजूनं. तो माणूस दचकलाच, त्याने बरंच कमी धरलं होतं. मग केंटने आपल्याच टीमला विचारलं, ज्यांनी एकत्र बसून सह्या केल्या होत्या त्यांना, तर कुणी ८०-२० सांगतोय कुणी २०-८०! सगळे एकाच वाक्यावर राजी होते अन् प्रत्येकाच्या डोक्यात वेगळाच आकडा. १९६४ मधे त्याने ह्यावर लेख लिहिला अन् शब्दांना आकडे बांधून द्या म्हणाला. त्याच्या ऑफिसातल्या बऱ्याच जणांना ते आवडलं नाही, त्यांना भाषा मोकळी पाहिजे होती, केंट त्यांना कवी म्हणायचा.

तेवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडलं असतं. १९६१ मधे क्युबावर बे ऑफ पिग्जची मोहीम ठरत होती तेव्हा सैन्याच्या मूल्यमापनात यशाला "फेअर चान्स" आहे असं लिहिलं गेलं. ज्यांनी लिहिलं त्यांच्या मनात साधारण ३० टक्के होतं, म्हणजे फसायचीच शक्यता जास्त. केनेडीपर्यंत ते पोचलं बऱ्यापैकी आशादायक वाटेल असं. पुढं मोहीम साफ फसली.

आता अमेरिकेत त्यासाठी गुप्तहेर खात्यांना नियमच आहे, आयसीडी २०३ नावाचा, पहिल्यांदा २००७ मधे आला, २०१५ मधे सुधारला. "लाइकली" म्हणलं की ५५ ते ८० टक्के, "व्हेरी लाइकली" ८० ते ९५, असा तक्ताच दिलाय. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, शब्द सोडा अन् टक्के लिहा. वाद संपला.

निवृत्त_हवालदार

वाद एवढ्यात संपत नसतो साहेब. मी काही वर्षं फॉर्मेशन हेडक्वार्टरला (मोठ्या लष्करी तुकडीच्या मुख्यालयात) इंटेलिजन्सच्या सेलमधे होतो, खालच्या कामाला, रिपोर्ट घेणं, लावणं, टाइप करणं, त्यामुळं वरची अक्कल शिकवत नाही पण कागद कसे येतात ते बघितलंय. टक्के लिहिले की माणसाला वाटतं कुणीतरी मोजलंय. मोजलेलं नसतं. तीन कागद अन् एक फोटो बघून कुणीतरी ठरवलेलं असतं. ओबामाला अबोटाबादच्या त्या घरात लादेन आहे का ते सांगताना कुणी ९५ टक्के म्हणत होतं, कुणी ४० च्या आसपास, आकडे ऐकून ऐकून शेवटी तो म्हणाला हे फिफ्टी फिफ्टी आहे असं धरूनच मला निर्णय घ्यायचाय. सगळ्यांनी टक्केच सांगितले होते की, मग काय उपयोग झाला?

होईल किती अन् आमचा त्यावर भरवसा किती, ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुमच्या त्याच आयसीडीमधे ते पण लिहिलंय बघा, दोन्ही एका वाक्यात घालू नका म्हणून. "बहुतेक होईल" हे भक्कम पुराव्यावर पण म्हणता येतं अन् एका खबऱ्याच्या फोनवर पण म्हणता येतं. साहेबाला कुठलं ते कळायला पाहिजे.

पोरा तुला सांगतो, भाषा पार खालपासून लागते. पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, परत आली की पहिला प्रश्न, काय दिसलं? जवान म्हणतो, दुश्मन दिसला. अरे दुश्मन दिसत नसतो, माणसं दिसतात. किती होती, पाठीवर काय होतं, कुठल्या बाजूला चालली होती, किती वाजता, किती लांबून, दुर्बिणीतून की नुसत्या डोळ्यानं. दुश्मन आहे हे तू काढलेलं अनुमान. ते खालीच मिसळलं की वर जाईपर्यंत कुणालाच कळत नाही की बघितलेलं कुठं संपलं अन् ठरवलेलं कुठं सुरू झालं. प्रत्येक टेबलावर कुणीतरी एक "कदाचित" खोडतो, जागा वाचते अन् वाक्य जोरदार दिसतं.

ब्रिटिशांची जुनी पद्धत आहे अ‍ॅडमिरल्टी म्हणून, माणसाला ए ते एफ अक्षर अन् माहितीला १ ते ६ आकडा, वेगवेगळा. भरवशाचा माणूस पण चुकीची बातमी आणू शकतो म्हणून. त्यात एफ म्हणजे खराब नव्हे, एफ म्हणजे अजून ठरवता येत नाही. नवीन माणूस हमखास उलटं वाचतो अन् चांगला कागद बाजूला टाकतो.

भुईकोट

चर्चा छान चाललीय. मी इतिहास शिकवतो, जरा मागं जातो. वक्तृत्व म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर शाळेतली स्पर्धा येते, हातवारे, शेवटी शायरी. ॲरिस्टॉटलकडं ते तसं नाही. बोलणाऱ्याची पत, मुद्द्याची बांधणी अन् ऐकणाऱ्याचं मन, ह्या तिन्हीचा विचार म्हणजे वक्तृत्व. आता हवालदारसाहेबांनी जे सांगितलं ते सांगणाऱ्याची पत किती ह्याबद्दलच होतं.

कौटिल्य तर अजून जवळचा. अर्थशास्त्रात राजाच्या पत्रांबद्दल एक आख्खं प्रकरण आहे, त्यात चांगल्या लेखाचे सहा गुण दिलेत: अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य, स्पष्टत्व. क्रम पहिला बघा, महत्त्वाचं आधी. आजकाल स्टाफ कॉलेजात निष्कर्ष वर लिहा म्हणून शिकवतात ते काही परवाचं नाही. अन् हेरांबद्दल तो म्हणतो, एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांचं एकच निघालं तर विश्वास ठेवा. सारखी चुकीची माहिती देणाऱ्यांना काय तर गुपचूप शिक्षा नाहीतर कामावरून काढा. आपल्याकडं पुरस्कार देतात, असो.

बांधणीचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो, त्याचं भयानक उदाहरण इस्रायलचं. ५ ऑक्टोबर १९७३ ला त्यांच्या लष्करी गुप्तहेर खात्यानं, अमाननं, रिपोर्ट काढला. परिच्छेदामागून परिच्छेद इजिप्तच्या तयारीचे, सुएझ कालव्यावर आजवर कधी नव्हती एवढी फौज लागलीय म्हणून. वाचताना कुणालाही घाम फुटावा. अन् परिच्छेद ४० मधे लिहिलंय की हे सगळं हल्ल्यासारखं दिसत असलं तरी इजिप्तचा ताकदीचा हिशोब बदललेला नाही, म्हणून युद्धाची शक्यता कमी. दुसऱ्या दिवशी दुपारी युद्ध. माहिती सगळी बरोबर होती हो! पण घाईतला मंत्री शेवटचं वाक्य वाचतो. नंतर चौकशीला अग्रानाट आयोग बसला, अमानचा प्रमुख एली झेइरा ह्यांना पद सोडावं लागलं, अन् पुढं तिथं मुद्दाम उलटी बाजू मांडणारा एक विभागच तयार केला.

विडी_घरकुल

सगळं खरं पण तुम्ही सगळेजण भाषेला फारच डोक्यावर घ्यायलात. कारगिल घ्या की. त्याचा आढावा घेणाऱ्या के. सुब्रह्मण्यम समितीने स्वच्छ म्हणलंय, समोरच्या बाजूला कुठल्या बटालियन आल्या अन् कुठल्या गेल्या ह्याची माहितीच नव्हती, ते मोठं अपयश. नसलेल्या माहितीला कौटिल्याचे सहा गुण लावून काय करणार? लोणचं घालणार?

अन् भाषा जास्त चांगली झाली की इराक होतं. सप्टेंबर २००२ मधे ब्रिटननं जनतेसाठी डॉसिअर, म्हणजे माहितीची पुस्तिका, काढलं, ४५ मिनिटांत इराकची शस्त्रं तयार होऊ शकतात म्हणून. ते रणांगणावरच्या छोट्या शस्त्रांबद्दल होतं, डॉसिअरमधे ते सांगितलंच नाही, पेपरवाल्यांनी काय चालवलं ते मेघाताई सांगतील. २००४ मधे चौकशी करणाऱ्या बटलर समितीने म्हणलं की मूळ गुप्त अंदाजांत ज्या शंका, सावधगिरीची वाक्यं होती ती ह्यात उरली नाहीत. म्हणून म्हणतो, पटवायला लागला की ॲनालिस्ट वकील होतो. मला रुक्ष माणूस चालेल बाबा.

भुईकोट

विडी घरकुल, तुमचा इराकचा मुद्दा मान्यच. पण सावधगिरीचं वाक्य ठेवायचं की काढायचं हा निर्णय भाषेचाच की. रुक्ष लिहिणारा पण काहीतरी आधी लिहितो अन् काहीतरी नंतर, त्यातनं सुटका नाही. अन् कारगिलचा तोच अहवाल अजून थोडा वाचा. जून १९९८ मधे आयबीच्या (देशातल्या गुप्तवार्ता खात्याच्या) प्रमुखांनी त्या भागातल्या हालचालींबद्दल एक टिपण पाठवलं होतं, पंतप्रधान, गृहमंत्री, कॅबिनेट सचिव, गृहसचिव, डीजीएमओ (लष्करी कारवायांचे महासंचालक) इतक्या जणांना. ज्यांना खरी गरज होती ते रॉचे (परदेशातली माहिती काढणाऱ्या खात्याचे) सचिव, जेआयसीचे (सगळ्यांची माहिती एकत्र तपासणाऱ्या समितीचे) अध्यक्ष अन् लष्करी गुप्तवार्तेचे महासंचालक, त्यांच्या नावानं ते गेलंच नाही. कुणाला सांगायचं हे ठरवणं पण संवादातच येतं. माहितीची भोकं होती, अन् जी होती ती योग्य टेबलावर नव्हती, दोन्ही खरं.

पेठेतली_मेघा

४५ मिनिटांचं काय चालवलं ते मी कशाला सांगू, हेडिंग स्वतःच उडी मारून वर येतं असलं वाक्य असलं की 🙈 पण म्हणूनच म्हणते, रिपोर्ट लिहिणाऱ्यानं आपल्या वाक्याचं कुणीतरी हेडिंग करणार हे धरूनच लिहावं. अट असेल तर ती वाक्याच्या पोटात घाला, शेपटीला नको. शेपटी कापली जाते.

टक्केवारी

बरं, टक्के एकटे पुरत नाहीत हे मान्य. पण नुसत्या शब्दांपेक्षा बरेच. शब्द अन् त्याच्या शेजारी रेंज, दोन्ही द्या.

सीडीएसवाला_जुळे_सोलापूर

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. मित्राला लिंक पाठवलीय, तो विडी घरकुलच्या पार्टीत गेला. मी परत लिहून बघितलं, सांगा कसं वाटतंय:

"पुढच्या दहा दिवसांत या सेक्टरमधे कंपनीएवढ्या ताकदीचा हल्ला होण्याची शक्यता जास्त आहे (५५ ते ८० टक्के). या अंदाजावर आमचा भरवसा मध्यम आहे. तोफांच्या दोन नव्या जागा फोटोत दिसल्या. पूल टाकायचं सामान पुढं आलं आहे. सुट्ट्या रद्द झाल्याचं वायरलेसवर पकडलं. सामान मागं गेलं किंवा सुट्ट्या पुन्हा सुरू झाल्या तर हा अंदाज खाली आणू."

पेठेतली_मेघा

खूपच बरं. शेवटचं वाक्य सगळ्यात आवडलं, मत कशानं बदलेल ते आधीच सांगून टाकलंस, आता उद्या अडून बसता येणार नाही. फक्त "या सेक्टरमधे" नको, नाव लिही, तुझा कागद दुसऱ्या फाईलला लागला की "या" म्हणजे कुठला ते कोण सांगणार.

निवृत्त_हवालदार

पहिल्यापेक्षा लाख पटीनं चांगलं. एकच विचारतो. तोफा फोटोत दिसल्या लिहिलंस, सुट्ट्या वायरलेसवर लिहिलंस. पुलाचं सामान आलं हे कशावरून? दिसलं की कुणी सांगितलं?

सीडीएसवाला_जुळे_सोलापूर

काका ते मी मनात एका खबऱ्याचं धरलं होतं. एकाच.

निवृत्त_हवालदार

मग तसं लिही, एका सोर्सचं, दुसरीकडून खात्री नाही म्हणून. अन् पूल नसेल तर तुझा हल्ला नदी कशी ओलांडणार ते सांग, नाहीतर तो मध्यम भरवसा कमी कर.