मदत हवी आहे: बेन्झाथिन पेनिसिलीन सुईत अडकतंय, अर्धवट गेलेला डोस कसा मोजायचा?

२० आठवड्यांची गरोदर, सिफिलिसच्या रक्तचाचण्या: आरपीआर १:३२, टीपीएचए पॉझिटिव्ह. सिफिलिस कधीपासून आहे ते कळत नाही, म्हणून २४ लाख युनिट दर आठवड्याला, असे तीन डोस ठरवलेत. आज दुसरा. १२ लाखांच्या दोन वायल, प्रत्येकी ४ मिली स्टराईल वॉटर, दोन्ही कुल्ल्यांत एकेक. डावीकडचं पूर्ण गेलं. उजवीकडे सुई मध्येच चोंदली आणि साधारण दीड मिली सिरिंजमध्येच राहिलं.

करून पाहिलेलं: २१ गेजची सुई, वायल नीट हलवून गुठळ्या मोडल्या, भरल्यावर लगेच टोचलं, दाबात खंड पडू दिला नाही. त्याहून बारीक २३ गेज वापरलीच नव्हती, तिच्यातून हे जाड सस्पेन्शन जातच नाही.

पर्यायी औषध सुचवू नका, कृपया. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात चालत नाही, अझिथ्रोमायसिनवर बाळाच्या बचावाचा भरवसा ठेवता येत नाही. अ‍ॅलर्जी नाही, पहिला डोस व्यवस्थित सोसला. एचआयव्ही निगेटिव्ह. नवऱ्याचे उपचार सुरू आहेत. दोन डोसांत नऊ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर पूर्ण कोर्स पहिल्यापासून, हे माहीत आहे; ती वेळ येऊ द्यायची नाही. बाई दूरच्या पाड्यावरून येते, आज संध्याकाळपर्यंतच इथे आहे.

राहिलेल्या दीड मिलीच्या जागी आजच १२ लाखांची नवी वायल पूर्ण द्यावी का? आणि पुढच्या वेळी पाण्याऐवजी १ टक्का लिग्नोकेनमध्ये (बधिर करणारं औषध, अ‍ॅड्रेनालिनशिवाय) कालवणाऱ्यांनी सांगा, किती मिली घेता, आणि चोंदणं कमी होतं का, की फक्त दुखणं?