मदत हवी आहे: शाळेच्या वेळेतला वॉकआउट, मुलीला जाऊ द्यावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसजवळ राहतो, मुलगी दहावीत आहे. पुढच्या शुक्रवारी तिच्या शाळेतली मुलं बंदुकीच्या हिंसाचाराविरोधात भर तासाला वर्गाबाहेर पडणार आहेत. गैरहजेरी लागेल, कारवाईही होऊ शकते, असा शाळेचा ईमेल आलाय. पालकांत तर सरळ दोन तट पडलेत. काही म्हणतात, निदर्शनं शनिवारी करा, अभ्यास का बुडवता? बंदूक बाळगणाऱ्या घरांतल्या मुलांना वर्गात अवघडल्यासारखं होतं, असंही एका आईने सांगितलं, आणि ते मला पटलं.

पण लेकीचं म्हणणंही खोडता येत नाही. दिवे बंद, दाराला कडी, कोपऱ्यात श्वास रोखून बसायचं, हा शाळेत गोळीबार झाला तर काय करायचं याचा सराव ती बालवाडीपासून शाळेच्या वेळेतच करतेय. मग बोलायचं मात्र सुट्टीच्या दिवशी का?

2018 मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारातल्या 17 बळींसाठी देशभर 17 मिनिटांचा वॉकआउट झाला, तेव्हा एमआयटी, येल या विद्यापीठांनी शांततापूर्ण निषेधाबद्दलच्या कारवाईमुळे प्रवेश अडणार नाही असं जाहीर केलं होतं. सुप्रीम कोर्टाच्या 1969 च्या टिंकर निकालाने शाळेतही मुलांचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य मान्य केलंय, पण तास बुडवल्याची नेहमीची शिक्षा त्याने टळत नाही, असं मला समजलंय.

आम्ही एच-4 वर (एच-1बी वर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आहोत, घरचे त्यामुळेच घाबरलेत. शाळेतलं सस्पेन्शन ग्रीन कार्डच्या वेळी कुठे सांगावं लागतं का? कुणाची मुलं अशी बाहेर पडली होती का, आणि शाळेशी आधी काय बोललात? कृपया अनुभव सांगा.